शहागंजातलं जुन्या कागदांचं दुकान, नाटकवेड्यांनी एकदा जाऊन याच

दुकानाला पाटीच नाही त्यामुळं नाव लिहीत नाही. संभाजीनगरात शहागंजच्या घड्याळापाशी उभं राहून जुने कागदवाले चाचा कुठं बसतात विचारा, कोणीही दाखवतं. मी तीन वर्षांपासून जातेय, फक्त नाटकाच्या कागदांसाठी. हँडबिलं, पदांची पुस्तकं, स्मरणिका, अर्धी फाडलेली तिकिटं, जे निघेल ते.

सगळ्यात चांगलं काय तर चाचा गठ्ठा फोडत नाहीत. ज्या घरातून जसं गाठोडं आलं तसंच ठेवतात. बाकी ठिकाणी दिसायला चांगली हँडबिलं तेवढी काढून प्लॅस्टिकमध्ये घालून एकेक विकतात आणि उरलेलं रद्दीत, आणि खरं तर उरलेल्यातच सगळं असतं हो, कारण एका माणसानं वीस वर्षं बघितलेली नाटकं एका सुतळीत बांधलेली मिळाली की त्यात नटाचं अख्खं आयुष्य दिसतं, नाव कुठं छापलंय, किती मोठ्या टायपात, कधी खाली सरकलं, कधी गायबच झालं.

मागच्या मे महिन्यात जालन्याकडच्या एका घरातला गठ्ठा मिळाला, 600 रुपयांत. त्यात 'रायगडाला जेव्हा जाग येते'चं हँडबिल, गुलाबी पातळ कागद, सगळ्या नावांच्या खाली एकटीच ओळ, "आणि डॉ. काशीनाथ घाणेकर". त्यांचं नाव असंच शेवटी घ्यायचे आणि थेटर शिट्ट्यांनी डोक्यावर घ्यायचे लोक. दातांचा डॉक्टर माणूस, 1962 ला संभाजी उभा केला, मग 'अश्रूंची झाली फुले'तला लाल्या, आणि नंतर दारू, आणि 2 मार्च 1986 ला नाटकाच्या दौऱ्यावर असतानाच अमरावतीत गेले. दारूचे किस्से लोक लै चवीनं सांगतात, मला ते ऐकवत नाही. त्या "आणि"चं ओझं रोज रात्री नव्या गावात एकट्यानं उचलायचं म्हणजे काय हे कोणी बोलत नाही. हँडबिलाच्या मागं पेन्सिलनं लिहिलंय, अण्णा, माई, मी, आणि खाली एसटीच्या दोन वेळा, रात्रीची सव्वाबारा आणि पहाटेची पावणेपाच. सव्वाबारावर काट मारलीय. म्हणजे नाटक लांबलं असणार आणि तिघं पहाटेपर्यंत स्टँडवर बसले असणार. मी तो कागद किती वेळा उलटा करून बघितलाय.

त्याच्या आधी एकदा 'एकच प्याला'ची पद्यावली मिळाली होती, 150 रुपयांना. पूर्वी संगीत नाटकाला गेलं की पदांचं छोटं पुस्तक थेटरातच विकत मिळायचं, तेच हे. नाटक लिहिणारे राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 ला सावनेरला वारले, नाटक रंगमंचावर आलं ते त्याच्या नंतर, आणि पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिलेली. लेखकानं स्वतःचं नाटक बघितलंच नाही. आणि नायिका सिंधू कोण तर बायकांच्या भूमिका करणारे बालगंधर्व, ज्यांचे शालू बघून बायका तसं नेसायला शिकल्या ते या नाटकात ठिगळाच्या लुगड्यात उभे. 12 मार्च 1911 ला 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली, तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. पुढं स्वतःची कंपनी, अत्तरं, गालिचे, डोक्यावर कर्ज, उतारवयात पाय गेले. पद्यावलीत यातलं काही छापलेलं नाही, पण पुस्तक हातात घेतलं की हेच आठवतं.

अस्सल कागद कसा ओळखायचा ते चाचांनीच शिकवलं. खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळवून छापलेला कागद मागून बोटानं चाचपला की अक्षरं लागतात, उजेडात तिरका धरला की खळगे दिसतात. मला एकानं ऑनलाइन 900 रुपयांना रंगीत झेरॉक्स पाठवली होती, मागून काचेसारखी गुळगुळीत, वर लॅमिनेशन. पैसे गेले ते गेले.

आता तक्रारी. चाचा गठ्ठ्याला कधी कधी रबर लावतात आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर वितळून कागदाला चिकटतं, तीन हँडबिलं तशी खराब झाली, मी दोनदा सांगितलं तर आता सुतळी वापरायलेत. दुकानात उजेड नाही, बॅटरी घेऊन जा. धुळीची अॅलर्जी असेल तर तोंडाला रुमाल बांधा. कसर लागलेला गठ्ठा घरात एकदम बाकीच्यात मिसळू नका, पंधरा दिवस वेगळा ठेवा, आणि फाटलं तरी सेलोटेप अजिबात लावू नका, पिवळा डाग कायमचा बसतो. शुक्रवारी दुपारी नमाजाला बंद असतं. फोनपे चालतं. घासाघीस जास्त करू नका, भाव आधीच कमी आहेत.

पाचपैकी चार स्टार, एक रबराचा कापला. परवा गेले तर म्हणाले, "बेटा, परभणी से माल आया है, नाटक का कागद आपके वास्ते बाजू रख्या मैं." रविवारी जाणार आहे. माझ्या पद्यावलीचं शेवटचं पान नाही, त्या गठ्ठ्यात निघालं तर बरं होईल, आणि तुमच्यापैकी कोणाच्या घरी 'एकच प्याला'ची जुनी पद्यावली पूर्ण असेल तर त्या शेवटच्या पानाचा फोटो मला पाहिजे.