लेझर लेव्हलचा रिमोट स्टँड: बेसाच्या साइटवरची फसवणूक आणि घेण्याआधीच्या चाचण्या

फॉल्स सीलिंग, टाइल्स आणि मॉड्युलर किचनची कामं करणाऱ्यांना सध्या एक वस्तू आग्रहाने विकली जाते आहे: लेझर लेव्हल, म्हणजे भिंतीवर आडवी-उभी रेषा टाकणारं यंत्र, रिमोटवर वर-खाली करणारा मोटरचा स्टँड. नागपुरात बेसा भागातल्या एका साइटवर सीलिंगच्या ठेकेदाराने तो 14,500 रुपयांना घेतला. विकणारा दुकानदार नव्हता, बॅग घेऊन साइटवर फिरणारा माणूस होता. पैसे यूपीआयवर घेतले, हातात कच्चं बिल दिलं, एक वर्षाची वॉरंटी तोंडी सांगितली. महिना संपायच्या आत काम चुकलं आणि त्या माणसाचा फोन लागेनासा झाला. स्टँड उघडल्यावर कळलं की त्यात बिघाड काहीच झालेला नव्हता. जे सांगून विकलं, ते त्यात पहिल्यापासून नव्हतं.

कल्पना स्वतः चुकीची नाही. लेझर जमिनीवर, मिस्त्री घोडीवर छताशी, आणि रेषा 4 मिमी वर हवी असेल तर दर वेळी खाली उतरावं लागतं. रोटरी (गोल फिरणाऱ्या) लेझरसाठी असे ऑटोमॅटिक ट्रायपॉड खरोखर बनतात. हिल्टी कंपनीचा पीआरए 90 त्यातलाच. पण ती किमतीने आणि बनावटीने वेगळीच चीज आहे. तिचं नाव पुढे करून जे खपवलं जातं, त्याबद्दल हे लिहितो आहोत.

डेमो नेहमी एकाच पद्धतीने होतो. स्टँड भिंतीपासून दोन मीटरवर, बॅटरी फुल चार्ज, वर हिरव्या रेषेचा लेझर. बटन दाबलं की रेषा भिंतीवर सरळ वर चढते आणि डब्यावरच्या स्क्रीनवर आकडा पळतो: 10, 20, 50 मिमी. "भाऊ, फक्त आकडा बघा आन बटन सोडा, टेप काढायचं कामच नाही." बघणारे रेषा तिरपी होते का, एवढंच पाहतात. ती होत नाही. पण त्याचं श्रेय स्टँडला नाही. लेझरच्या आतला लोलक 3 ते 4 अंशांपर्यंतचा कल स्वतः सावरतो, त्यामुळे स्टँड कितीही ढिला असला तरी रेषा आडवीच दिसते. स्टँडचे दोष लेझर झाकून टाकतो, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

त्या स्टँडच्या खालच्या डब्याचे चार स्क्रू काढल्यावर आत दिसलं ते असं: बोटाच्या पेराएवढी गिअर मोटर, तिच्यावर पांढरं नायलॉनचं दातेरी चाक, समोर काळ्या प्लॅस्टिकची दातेरी पट्टी, एक लिथियम सेल आणि छोटं सर्किट. मोटर हॉट ग्लूने चिकटवलेली. मोटरला वायरी फक्त दोन. सगळी लबाडी या दोन वायरींत आहे. किती फेरे झाले हे मोजणारा एन्कोडर असता तर दोन वायरी मोटरला आणि निदान चार सेन्सरला, अशा सहा वायरी दिसल्या असत्या. सेन्सरच नसेल तर सर्किटला उंची कळायचा मार्ग नाही. ते फक्त मोटर किती सेकंद चालली एवढं मोजतं आणि ठरावीक वेगाने गुणून आकडा दाखवतं.

बॅटरी भरलेली असते तेव्हा सेलचा व्होल्टेज 4.2 असतो आणि हिशोब जुळतो. दुपारपर्यंत तो 3.5 वर येतो, मोटर तेवढीच मंदावते, आणि स्क्रीन 50 मिमी म्हणते तेव्हा रेषा प्रत्यक्षात सुमारे 42 मिमीच वर गेलेली असते. वर चढताना लेझरचं वजन ओढावं लागतं, उतरताना तेच वजन मदत करतं. म्हणून 50 वर नेऊन 50 खाली आणलं तरी रेषा जुन्या खुणेवर येत नाही. बेसाला नेमकं हेच झालं. सकाळी हॉलच्या तीन भिंतींवर पेरिमीटर चॅनलच्या (सीलिंगची कड धरणाऱ्या भिंतीलगतच्या पट्टीच्या) खुणा झाल्या, मध्ये किचनच्या ओट्यासाठी लेझर खाली आणला, जेवणानंतर स्क्रीनवरचा सकाळचा आकडा परत लावला आणि चौथी भिंत मारली. चॅनल कोपऱ्यात भेटले तेव्हा 9 मिमीचा फरक. चौथ्या भिंतीचा चॅनल उखडून, भोकं पुट्टीने बुजवून, काम पुन्हा करावं लागलं. मजुरी ठेकेदाराच्या खिशातून गेली.

दुसरा दोष हळूहळू दिसतो. बटन सोडल्यावर स्टँडचा वर-खाली होणारा स्तंभ जागेवर कशाने थांबतो, हे विकत घेण्याआधी विचारा. 8 मिमी जाडीचा आणि एका फेऱ्यात 2 मिमी सरकणारा लीड स्क्रू (स्तंभ उचलणारा आट्यांचा दांडा) वजनाने आपोआप फिरत नाही, करंट बंद असला तरी जागा सोडत नाही. एका फेऱ्यात 8 मिमी सरकणारा, थ्रीडी प्रिंटरमध्ये असतो तसा स्वस्त स्क्रू वजनाखाली उलटा फिरू शकतो. दातेरी पट्टीच्या स्टँडला तर मोटरच्या गिअरशिवाय आधारच नसतो. दात झिजले की रेषा तासा-दोन तासांत दोन-चार मिमी खाली बसते. त्यात टोकाला मोटर बंद करणारा लिमिट स्विच नसला तर वरच्या टोकाला पोचूनही मोटर रेटत राहते, आणि आधी दात जातात, मग मोटर. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत 60 अंशांच्या वर तापतं, तिथे हॉट ग्लू मऊ पडतो आणि मोटर जागेवरून हलते. असं सामान नागपुरात गाडीत ठेवायच्या लायकीचंच नाही.

तिसरा दोष लाइट-पॉइंट काढणाऱ्यांना महागात पडतो. स्तंभ 500 मिमी वर गेला आणि 1 अंश जरी कलला तरी लेझरचं डोकं जवळपास 9 मिमी बाजूला सरकतं. उंचीत फरक नगण्य, आडवी रेषा ठीक, पण जमिनीवरचा बिंदू छतावर नेताना तो पूर्ण 9 मिमी चुकतो. याची मुळं बहुतेक वेळा जोडात असतात: ट्रायपॉडचा बोल्ट 5/8 इंची, लेझरचा आटा 1/4 इंची, आणि मध्ये प्लॅस्टिकचा अडॅप्टर. बोटाने ढकलून बघा. हललं की तिथेच नको म्हणा.

चाचणीला पाऊण तास पुरतो, आणि विकणारा एवढा वेळ थांबायला तयार नसेल तर व्यवहारच करू नका. 30 सेंटिमीटरची स्टीलची पट्टी 5 मीटरवरच्या भिंतीवर टेपने उभी चिकटवा. 5 मीटरवर रेषेचीच जाडी साधारण 2 मिमी असते, म्हणून दर वेळी रेषेची वरचीच कड वाचा. रेषा पट्टीवरच्या 100 मिमीच्या खुणेवर आणा, स्क्रीनप्रमाणे 50 मिमी वर चढवा, पट्टीवर 150 दिसतं का पाहा. मग दहा वेळा वर-खाली करून परत 100 वर या. एकदा खालून वर येत थांबा, एकदा वरून खाली येत. दोन्हींत फरक पडला तर स्तंभ नळीत अडकून मग घसरतो आहे. दर हालचालीनंतर लोलक शांत व्हायला पाच-सात सेकंद द्या, त्याआधीचं वाचन धरू नका. आणि हे सगळं अर्ध्या उतरलेल्या बॅटरीवर करा. फुल चार्जवर खोटा स्टँडही पास होतो. शेवटी लेझर चढवूनच स्टँड मध्यावर अर्धा तास सोडा आणि रेषा सरकते का बघा.

सोबत लेझरही विकत असतील तर त्याची परीक्षा वेगळी. समोरासमोरच्या दोन भिंती 5 मीटरवर घ्या. लेझर पहिल्या भिंतीजवळ ठेवून दोन्हींवर खूण करा. मग तो दुसऱ्या भिंतीजवळ नेऊन तिथली खूण अचूक जुळवा आणि पहिल्या भिंतीवर किती फरक पडतो ते मोजा. मीटरला 0.3 मिमी अचूकता लिहिली असेल तर फरक 3 मिमीच्या आत हवा. डेमोवाले लेझर जागचा हलवतच नाहीत, त्यामुळे ही चूक त्यांच्या डेमोत कधीच दिसत नाही.

रिमोट इन्फ्रारेड आहे की रेडिओचा, हे मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात कळतं. बटन दाबताना रिमोटच्या टोकाचा दिवा जांभळट चमकला तर तो टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेड. उजेडात आणि आडोशाला तो दगा देतो, म्हणजे घोडीवरून वापरायचा मूळ हेतूच संपला. बॅटरीवर 18650 सेल आणि 5,000 किंवा 9,900 एमएएच असं छापलेलं दिसलं तर तो आकडा खोटा समजा. या आकाराचे चांगले सेल 3,500 च्या आसपास थांबतात आणि 45 ग्रॅमच्या पुढे भरतात. किराणा दुकानातल्या काट्यावरसुद्धा हलका सेल पकडता येतो.

आता कागद. "कॅलिब्रेशन सर्टिफिकेट" म्हणून झेरॉक्स दाखवतात. त्यावर तुमच्या उपकरणाचा सिरियल नंबर नसेल तर तो कागद दुसऱ्याच कशाचा तरी आहे. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. पक्क्या बिलावर 15 अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक हवा. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा 27 ने सुरू होतो आणि जीएसटी पोर्टलवर मिनिटात तपासता येतो. असं बिल देणाऱ्या इतवारीतल्या किंवा सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरच्या दुकानात चार पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या. हॅंडल फिरवून उंची बदलणारा गिअरचा एलिव्हेटर ट्रायपॉड किंवा जमीन ते छत ताणून बसवायचा पोल, यातलं काहीही घ्या, सीलिंगची बहुतेक कामं त्यावर बिनचूक होतात. प्रत्येक भिंतीवर मीटर लाइन (जमिनीपासून एक मीटरवरची आडवी रेषा) एकदा मारून बाकी मापं टेपने घेतली तर रेषा वर-खाली नाचवायची गरजही उरत नाही.

पैसे गेलेच असतील तर "रिफंड पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" या फोनपासून सावध राहा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. तो दुसरा दरोडा असतो. ऑनलाइन फसवणूक असेल तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा, जितका उशीर तितकी रक्कम अडवण्याची शक्यता कमी. विक्रेत्याचा पत्ता हाती असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि तिथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. "तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहकच नाही" असं विक्रेते ठासून सांगतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू यात येते. एकटा मिस्त्री किंवा छोटा ठेकेदार तक्रार करू शकतो. मुदत दोन वर्षांची, आणि वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रारीला यूपीआयचा व्यवहार क्रमांक, विक्रेत्याने अचूकतेचा दावा केलेले मेसेज, आणि पट्टीवरची रेषा व स्क्रीनवरचा आकडा एकाच चौकटीत दिसणारा व्हिडिओ जोडा. स्क्रू खोलायच्या आधी हा व्हिडिओ काढून ठेवा, नाहीतर तुम्हीच उघडून बिघडवलं असं उत्तर येतं.