१६२ चा फोन आणि २६ ची बेलसेट: जोडणीचा आणि वापराचा अनुभव

ब्रिटिश पोस्ट ऑफिसचा १६२ नंबरचा काळा बेकेलाइट फोन १९२९ चा. पिरॅमिडसारखी बैठक, वर आडवा हँडसेट. दिसायला देखणा, पण आतून अर्धाच. घंटा नाही, कपॅसिटर नाही, बोलण्याचा आवाज लाइनवर आणि लाइनचा कानात पोचवणारी इंडक्शन कॉइलही नाही. हे सगळं वेगळ्या पेटीत, म्हणजे बेलसेटमध्ये असायचं. नंतर आलेल्या २३२ मध्ये कॉइल फोनच्या पोटातच बसवली, त्यामुळे त्याच्या पेटीत फक्त घंटा आणि कपॅसिटर उरले. १६२ साठी २५ नंबरची बेलसेट, २३२ साठी २६ ची. दोन्ही बाहेरून सारख्याच, आणि जुन्या बाजारात फोन एका लॉटमधला, पेटी दुसऱ्या लॉटमधली, हे ठरलेलं. शिक्क्यावर जाऊ नका. झाकण काढून कॉइल आहे का ते बघा.

इथे वापरलेली जोडी तशीच विजोड: १६२ चा फोन, खाली २६ ची पेटी. पावसाळा धरून कित्येक महिने रोजच्या वापरात आहे. वाजते झकास, बोलणंही नीट होतं. पण नुसत्या तारा जुळवून हे होत नाही.

कॉइलशिवाय जोडलं तर घंटा वाजते आणि आपण गाफील राहतो. उचलल्यावर समोरच्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. रिसीव्हर (कानाकडचा भाग) थेट मालिकेत घातला असेल तर त्यातून डीसी वाहतो, आणि ध्रुव उलटा पडला तर जुन्या रिसीव्हरचं चुंबकही हळूहळू कमजोर होतं. म्हणून कॉइल हवीच. मोडीत निघालेल्या जुन्या सेंट्रल बॅटरी (एक्स्चेंजकडून वीज घेणाऱ्या) फोनमधली दोन वेष्टणांची कॉइल चालते. ती पेटीत बसवा, फोनला हात लावू नका. उद्या खरी २५ ची पेटी मिळाली तर सगळं जसंच्या तसं परत करता येतं.

जोडणी अशी. लाइनची एक तार हुक-स्विचमधून (हँडसेट उचलला की लाइन जोडणारा), मग डायलच्या पल्स संपर्कातून (आकड्याइतक्या वेळा लाइन तोडणारा) ट्रान्समीटर (तोंडाकडचा भाग) आणि रिसीव्हरच्या सामाईक टोकाला. ट्रान्समीटरचं दुसरं टोक पेटीत येतं आणि पहिल्या वेष्टणातून लाइनच्या दुसऱ्या तारेला मिळतं. रिसीव्हरचं दुसरं टोकही पेटीत येतं, तिथून दुसरं वेष्टण आणि २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि ही साखळी ट्रान्समीटर जिथे पहिल्या वेष्टणाला भेटतो त्याच बिंदूवर संपते. म्हणजे फोन ते पेटी तीनच तारा लागतात. घंटा आणि तिचा स्वतंत्र कपॅसिटर सरळ लाइनवर, समांतर. मूळ रचनेत एकच २ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दोन्ही कामं करायचा; इथे दोन वेगळे ठेवले की हुक-स्विचच्या वायरिंगचा गुंता टळतो.

सगळं जोडून झालं की एका वेष्टणाची टोकं उलटी करून बघा. दोनपैकी एका जोडणीत समोरचा आवाज स्पष्ट ठळक येतो, तीच ठेवा. कागदावर फेज काढत बसण्यापेक्षा हे सोपं.

मूळ कपॅसिटर मेणकागदाचा. तो हमखास गळका निघतो. गळका असला तर फोन ठेवलेला असूनही लाइनमधून थोडा करंट वाहत राहतो, आणि एक्स्चेंजला किंवा अडॅप्टरला (साधा फोन इंटरनेटवर चालवणारी पेटी) वाटतं की फोन उचललेला आहे. पॉलिएस्टरचा २.२ मायक्रोफॅरड, २५० व्होल्टचा लावा; मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत सहज मिळतो. १०० व्होल्टचा चालणार नाही: घंटीचे ७५ व्होल्ट आरएमएस, म्हणजे शिखरावर १०६, त्यात लाइनचे ४८ मिळवले की दीडशेच्या वर जातो. इलेक्ट्रोलायटिक तर मुळीच नको, घंटीचा प्रवाह एसी असतो. काम करताना लाइन काढून ठेवा, रिंग आली तर झटका सणसणीत बसतो.

घंटीची दोन कॉइल प्रत्येकी ५०० ओहम, मालिकेत १०००. मल्टीमीटर अनंत दाखवत असेल तर बहुधा टोकाशी केसासारखी तार तुटलेली असते. सुईने सोडवून पुन्हा डाग देता येतो. पुढच्या काळातल्या ७०० मालिकेची घंटा ४००० ओहमची. या दोन जातींच्या घंटा एकाच वायरिंगवर आणल्या की भांडण सुरू होतं. मालिकेत जोडली तर करंट दोघींना सारखाच मिळतो, पण कमी वेढ्यांच्या १००० वालीला तो पुरत नाही, ती मुकी राहते. ब्रिटिश प्लग-सॉकेट पद्धतीत एकाच १.८ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर समांतर जोडली तर १००० वाली सगळं खाऊन टाकते. तिथे तिच्या मालिकेत ३.३ किलोओहमचा रेझिस्टर घालायचा असतो. आपल्याकडे दोन तारांची लाइन आणि एकटीच घंटा असेल तर तो घालू नका, आवाज उगाच पडतो.

डायल फिरवताना घंटा टिणटिण करते, ही या जोडणीची खरी कटकट. घंटा कायम लाइनवर असल्याने प्रत्येक पल्सला हातोडी हलते. उपाय दोन: हातोडीला एका बाजूला धरून ठेवणारी बायस स्प्रिंग थोडी ताणायची, आणि लाइनच्या दोन तारा अदलाबदल करून बघायच्या. दोन्ही केलं की जवळजवळ थांबतं. स्प्रिंग फार ताणली तर मात्र खऱ्या रिंगलाही घंटा मरगळते. मग घंटेच्या वाट्यांचं अंतर पाहायचं: स्क्रू ढिला करून वाटी किंचित फिरवली की हातोडी नीट लागते, कारण वाटीचं भोक मुद्दाम मध्यापासून सरकवलेलं असतं.

स्क्रूंबद्दल एक गोष्ट. हे सगळे बीए (ब्रिटिश असोसिएशन) या जुन्या ब्रिटिश मापाचे आहेत. ६ बीएचा व्यास २.८ मिमी, म्हणून एम३ (३ मिमीचा मेट्रिक) ‘थोडा जोर लावून’ बसेल असं वाटतं, आणि पितळी टर्मिनलचे आटे जातात. हरवलेला स्क्रू दुसऱ्या भंगार फोनमधूनच काढावा.

आता वापर. फायबर आल्यावर तांब्याची लाइन गेली, त्यामुळे फोन अडॅप्टरवर किंवा मोडेमच्या फोन पोर्टवर लागतो. पल्स डायलिंग सगळ्यांना कळत नाही. ग्रँडस्ट्रीमच्या एचटी मालिकेतल्या काही अडॅप्टरमध्ये त्याची सेटिंग आहे. रिंग फ्रिक्वेन्सीचा पर्याय असेल तर २५ हर्ट्झ ठेवा, ही घंटा त्यावरच मोकळी वाजते. डायल सेकंदाला १० पल्सचा हवा, ९ ते ११ चालतो. वंगण सुकलं की तो रेंगाळतो आणि ८ चा ७ लागतो. घड्याळाच्या तेलाचा एक थेंब गव्हर्नरच्या (डायलचा वेग आवरणारा भाग) टेकूला पुरे. ब्रेकच्या कडेला तेल गेलं तर डायल पळत सुटतो.

अडॅप्टर २० ते २५ मिलिअँपिअरच देतो, जुन्या लाइनपेक्षा कमी. कार्बन ट्रान्समीटर त्यात थोडा क्षीण पडतो. शिवाय या साध्या जोडणीत आपलाच आवाज कानात मोठा येतो, त्यामुळे माणूस नकळत हळू बोलतो आणि समोरचा ‘ऐकू येत नाही’ म्हणतो. हँडसेट टेबलाच्या कडेवर हलकेच ठोकला की कार्बनचे दाणे मोकळे होतात. आठवड्यातून एकदा पुरतं.

पावसाळ्यात कापडी विणीची जुनी कॉर्ड ओल धरते. खरखर वाढते, क्वचित फोन ठेवलेला असूनही लाइन उचललेलीच राहते. आतल्या रबराचा भुगा झालेला असेल तर नवी कॉर्डच घाला. हेअर ड्रायरने वाळवून काम चालतं, पण पुढची सर येईपर्यंतच.

बँकेच्या फोनवर ‘मराठीसाठी १ दाबा’ आलं की मात्र मोबाइलच काढावा लागतो; तिथे टोन लागतो आणि हा डायल फक्त पल्स देतो. पल्सचा टोन करून देणारी छोटी पेटी मिळते, पण ती लाइनमध्ये घातली की आधीच कमी असलेला करंट आणखी घटतो, म्हणून इथे ती लावलेली नाही.