चित्रपटाचं मूळ शीर्षक कोणतं धरायचं? पाटी, प्रमाणपत्र, पोस्टर आणि डेटाबेस यांची तुलना

सनलकुमार शशिधरन यांचा एक मल्याळम चित्रपट २०१७ च्या सुरुवातीला रॉटरडॅमच्या महोत्सवात ‘सेक्सी दुर्गा’ या नावानं दाखवला गेला आणि तिथला टायगर पुरस्कार त्याला मिळाला. भारतात सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्र निघालं ते ‘एस दुर्गा’ या नावानं. मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तक्रार आली की, परीक्षकांनी पाहिलेल्या प्रतीत पाटीवर, म्हणजे पडद्यावर नाव येतं त्या चौकटीत, ‘एस’नंतर तीन चौकोन आहेत, म्हणजे प्रमाणपत्रावरचं नाव आणि पडद्यावरचं नाव एक नाही. मंडळानं चित्रपट पुन्हा तपासायचं ठरवलं आणि तोवर प्रदर्शन थांबवलं. अखेर २०१८ मध्ये तो ‘एस दुर्गा’ म्हणून प्रदर्शित झाला.

चित्रपटांच्या सूचीत ‘मूळ शीर्षक’ हा रकाना एकच असतो. या चित्रपटापुरतं उत्तर ‘एस दुर्गा’ असं आहे. कारण मूळ शीर्षक म्हणजे चित्रपट ज्या देशाचा, त्या देशात तो पहिल्यांदा रीतसर प्रदर्शित झाला तेव्हाचं नाव. जागतिक चित्रपट संग्रहालयांच्या ‘फियाफ’ या महासंघाची २०१६ ची सूचीकरण मार्गदर्शिकाही सर्वसाधारणपणे हाच कल ठेवते. ‘सेक्सी दुर्गा’ हे महोत्सवातलं नाव. ते पर्यायी शीर्षकात ‘महोत्सव, २०१७’ अशा टिपेसह जातं. चौकोनांचं नाव त्या विशिष्ट प्रतीच्या नोंदीत जातं. काहीच टाकून द्यायचं नाही, प्रत्येकाला आपापल्या जागी बसवायचं.

इथे निर्णय सोपा झाला, कारण सगळे कागद जाहीर झाले होते. एरवी तुमच्या हातात यांतलं एखादंच काहीतरी असतं, आणि त्यावर कितपत विसंबायचं हा खरा प्रश्न असतो.

पडद्यावरची पाटी

ग्रंथालयांचे एएसीआर-२ आणि आरडीए हे सूचीकरणाचे दोन्ही नियमसंच चित्रपटाच्या बाबतीत पहिला मान शीर्षकाच्या चौकटीला देतात, आणि ते योग्यच आहे. पाटी निर्मात्यांनी स्वतः केलेली असते आणि ती चित्रपटाच्या अंगातच असते. डबा बदलतो, वेष्टन बदलतं, पाटी सहसा बदलत नाही. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’च्या पुढच्या डीव्हीडींच्या वेष्टनावर नावाआधी ‘इंडियाना जोन्स अँड द’ जोडलं गेलं. चित्रपटातली पाटी मात्र १९८१ चीच राहिली. वेष्टन पाहून नोंद करणाऱ्याची नोंद चुकली.

पण ‘पाटी प्रमाण’ म्हणताना ‘कोणत्या प्रतीची पाटी’ हेही विचारायला हवं. ‘स्टार वॉर्स’ १९७७ मध्ये आला तेव्हा पाटीवर एवढंच नाव होतं. ‘एपिसोड फोर’ आणि ‘अ न्यू होप’ हे शब्द १९८१ च्या पुनर्प्रदर्शनात आले. आज सहज मिळणारी प्रत बघून नोंद केली तर चार वर्षांनंतरचं नाव ‘मूळ’ म्हणून बसतं. मराठीत हा धोका वेगळ्या रूपात येतो. जुन्या चित्रपटांच्या ज्या प्रती इंटरनेटवर किंवा व्हीसीडीवर मिळतात, त्यांत सुरुवातीची नामावली कापून कंपनीनं किंवा वाहिनीनं स्वतःची पाटी घातलेली असू शकते. ओळखायची खूण अशी: पाटीचा टंक संगणकी आणि कडा धारदार, पण पुढची नामावली हातानं रंगवलेल्या अक्षरांत आणि ओरखड्यांसह, किंवा पाटीशी पार्श्वसंगीत मध्येच तुटतं. अशी पाटी पुरावा म्हणून धरू नये.

पाटी उतरवताना ती हलती असेल तर अक्षरं पूर्ण स्थिरावल्यावरच चित्र थांबवावं, चौकटीचं छायाचित्र ठेवावं आणि वेळ तास-मिनिट-सेकंदात लिहावी. सुरुवातीला पाटी दिसली नाही तर प्रस्तावनेच्या प्रसंगानंतर आणि अगदी शेवटी पाहावं. अलीकडे नाव शेवटी येणं नवं राहिलेलं नाही. ‘अमुक प्रस्तुत’, ‘अमुक यांचा’ ही ओळ नावाचा भाग नव्हे, ती श्रेयात जाते. उपशीर्षकाचं तारतम्य जास्त लागतं. ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे – द रिअल हीरो’ किंवा ‘लोकमान्य – एक युगपुरुष’ यांसारख्या नावांत दुसरा भाग ठेवायचा की घोषवाक्य म्हणून वगळायचा? तो पाटीवर नावासोबतच येत असेल तर ठेवायचा. फक्त पोस्टरवर असेल तर पर्यायी शीर्षकात टाकायचा.

सेन्सॉर प्रमाणपत्र

प्रमाणपत्रावर नाव, भाषा, लांबी किंवा कालावधी, क्रमांक, तारीख आणि अर्जदार असतो. तारीख आणि भाषा यांसाठी याच्याइतका भरवशाचा कागद नाही. डब केलेल्या प्रत्येक भाषेला अलीकडेपर्यंत स्वतंत्र प्रमाणपत्र लागत असे, त्यामुळे मूळ कोणतं आणि डब कोणतं याचा गुंताही इथेच सुटायला लागतो. ‘पद्मावती’चं ‘पद्मावत’ कधी झालं हे पोस्टरांच्या ढिगातून कळणार नाही. जानेवारी २०१८ मध्ये चित्रगृहात आला तो ‘पद्मावत’च. हा प्रकार जुनाही आहे. संत एकनाथांवरच्या प्रभातच्या चित्रपटाचं ‘महात्मा’ हे नाव सेन्सॉरला चाललं नाही, म्हणून १९३५ मध्ये तो ‘धर्मात्मा’ या नावानं आला. ‘महात्मा’ ही नोंद जपायची, पण निर्मितीकाळातलं नाव म्हणून.

प्रमाणपत्राची कमजोरी शुद्धलेखनात आहे. नाव अर्जात लिहिलं तसं छापलं जातं. ‘मुंबई-पुणे-मुंबई’मधल्या जोडरेघा, ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय!’मधलं उद्गारचिन्ह, रोमन लिपीतली ऱ्हस्व-दीर्घाची हेळसांड, यांबाबत त्याचं ऐकू नये. फरक अक्षर, चिन्ह किंवा अंतराचा असेल तर पाटी मानायची. नावच वेगळं असेल तर प्रमाणपत्र मानायचं आणि हातातली प्रत नंतरची किंवा बदललेली नाही ना, हे तपासायचं.

१९५१ पूर्वीच्या चित्रपटांसाठी केंद्रीय मंडळाची नोंद शोधू नका. तेव्हा प्रांतांची मंडळं होती, मुंबईचं १९२० पासून.

चित्रपट महामंडळ किंवा ‘इम्पा’सारख्या निर्मात्यांच्या संघटनेकडे केलेली शीर्षकनोंदणी ही तर नुसती राखीव जागा आहे. एकच निर्माता चार नावं राखून ठेवू शकतो. शीर्षकावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे. नोंदणीतून निर्मात्याचा इरादा कळतो, मूळ शीर्षक नाही.

पोस्टर आणि गाण्यांची पुस्तिका

पोस्टर विकण्यासाठी असतं, म्हणून तिथे नाव आखूड होतं किंवा सजतं. ‘बालक-पालक’च्या जाहिरातीत ‘बीपी’ ही आद्याक्षरंच मोठी होती. हिंदी चित्रपटांत अंकशास्त्रासाठी रोमन अक्षरं वाढवतात: ‘सिंग इज किंग’च्या रोमन ‘किंग’मध्ये ‘एन’ दोनदा आहे. रोमन शीर्षकाच्या रकान्यात तो दुहेरी ‘एन’ तसाच ठेवावा, पण देवनागरीत त्याचा पडसाद उमटू देऊ नये.

पुस्तिकेचं मोल निराळं आहे. मूकपटांच्या आणि सुरुवातीच्या बोलपटांच्या काळातले बहुतांश चित्रपट आज उरलेले नाहीत. अशा वेळी पुस्तिका किंवा वृत्तपत्रातली जाहिरात हाच आधार. त्या काळी जाहिरातीत इंग्रजी नावही देत. ‘दुनिया न माने’ हा चित्रपट ‘द अनएक्स्पेक्टेड’ म्हणूनही नोंदलेला सापडतो. ते भाषांतरित पर्यायी नाव आहे. मूळच्या रकान्यात त्याला जागा नाही.

दोन भाषांत एकाच वेळी केलेले चित्रपट

मराठी सूचीत सर्वात जास्त चुका इथे होतात. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) आणि ‘अयोध्या का राजा’, ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ (१९३९) आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ (१९४१) आणि ‘पडोसी’. यांतलं हिंदी नाव मराठी चित्रपटाचं पर्यायी शीर्षक म्हणून टाकलेलं अनेक ठिकाणी दिसतं. ते चूक आहे, कारण हे डबिंग नाही. प्रसंग दोन्ही भाषांत वेगवेगळे चित्रित झाले. ‘शेजारी’त केशवराव दाते आणि गजानन जागीरदार आहेत, ‘पडोसी’त दात्यांच्या जागी मझहर खान. म्हणून दोन स्वतंत्र नोंदी, दोन मूळ शीर्षकं, आणि मधे ‘समांतर आवृत्ती’ असा दुवा. डब चित्रपटाला मात्र एकच मूळ शीर्षक. ‘आरआरआर’ (२०२२) या अक्षरांचा विस्तार तेलुगूत ‘रौद्रं रणं रुधिरं’ आहे आणि इंग्रजीत ‘राइज रोअर रिव्होल्ट’; तेलुगू मूळ, बाकीची पर्यायी.

लिपी, भाषा आणि संगणकाच्या खोड्या

चित्रपटाची भाषा आणि शीर्षकाची भाषा एक असलीच पाहिजे असं नाही. ‘द डिसायपल’ (२०२०) मराठी आहे, त्याचं मूळ शीर्षक इंग्रजीच आहे. ‘शिष्य’ असं भाषांतर करून मूळ रकान्यात घालू नये. उलट ‘किल्ला’ला बर्लिनच्या महोत्सवात ‘द फोर्ट’ म्हटलं गेलं, तरी मूळ ‘किल्ला’च. जुन्या हिंदी चित्रपटांच्या पाटीवर रोमन, देवनागरी आणि उर्दू अशा तीन लिपी असत. तिथे नाव एकच असतं, लिप्या तीन. रोमन अक्षरं सर्वात मोठी असली म्हणून शीर्षक इंग्रजी होत नाही.

१९६२ च्या लेखननियमांआधीच्या मराठी पाट्यांवर अनुच्चारित अनुस्वार सापडतात. पाटीचा उतारा त्या अनुस्वारांसह घ्यावा आणि आजच्या लेखनातलं रूप शोधासाठी पर्यायी द्यावं. दुरुस्त रूप मूळ म्हणून लिहिलं की पुरावा पुसला जातो.

‘ॲ’ हे अक्षर एकाच संकेतांकानं, युनिकोड या संगणकी अक्षरसंकेतातल्या ०९७२ नं, लिहिता येतं किंवा ‘अ’वर वेगळा चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला दोन वेगळी वाटतात, आणि युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरणही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) त्यांना एक करत नाही. एकच रूप ठरवून बाकी शोधून बदला. हिंदी ‘पड़ोसी’मधल्या नुक्त्याचंही असंच आहे: नुक्तायुक्त ‘ड़’ एकसंध असतो किंवा ‘ड’ आणि नुक्ता वेगळा. इथे युनिकोडचं एनएफसी नावाचं प्रमाणीकरण चालवलं की दोन्हींचं वेगळं केलेलं रूप होतं आणि शोध जुळतो.

डेटाबेस

आयएमडीबी हा चित्रपटांचा ऑनलाइन डेटाबेस पाटीला मान देतो, पण आपल्या नावांचं रोमन लिप्यंतर दाखवतो. ‘ळ’ आणि ‘ल’ तिथे एकत्र होतात. टीएमडीबी या दुसऱ्या डेटाबेसमध्ये मूळ शीर्षक मूळ लिपीत असतं, त्यामुळे मराठी संग्रहासाठी ते जास्त सोयीचं. विकिपीडियाच्या जोडीच्या विकिडेटा या माहितीसाठ्यात पी१४७६ या गुणधर्मात शीर्षक भाषासंकेतासह भरता येतं आणि त्याला पुरावा जोडता येतो. तिघांत हीच रचना मला सर्वात स्वच्छ वाटते. पण तिन्हींत लोकांनी भरलेली माहिती असते, आणि एकाची चूक दुसरीकडे उतरवली जाते. तिघांत जुळलं म्हणजे तीन पुरावे मिळाले असं समजू नका.

तुमच्यासाठी कोणतं

घरच्या संग्रहासाठी ‘कोडी’ किंवा ‘जेलीफिन’ ही सॉफ्टवेअर वापरत असाल तर टीएमडीबी पुरे. फाइलच्या नावात वर्ष नीट द्या: ‘फँड्री’ २०१३ मध्ये महोत्सवात आला, चित्रगृहात फेब्रुवारी २०१४ मध्ये, आणि चुकीच्या वर्षामुळे जुळणी बिघडते. ‘श्यामची आई’ १९५३ चा आणि २०२३ चा, असे दोन आहेत. तिथे वर्षाशिवाय गत्यंतर नाही.

फिल्म सोसायटी किंवा ग्रंथालयात पाटी आणि प्रमाणपत्र दोन्ही पाहा. मार्क-२१ हा ग्रंथालयांच्या नोंदींचा साचा वापरत असाल तर पाटीवरचं नाव २४५ क्रमांकाच्या रकान्यात, बाकी सगळी २४६ मध्ये, दुसऱ्या लिपीतलं रूप ८८० मध्ये. साधा तक्ता असेल तर पाच रकाने हवेत: मूळ शीर्षक, भाषा, लिपी, स्रोत, पर्यायी नावं. यांतला ‘स्रोत’ कधीही रिकामा ठेवू नये. ‘पाटी, ००:०३:१२’ किंवा ‘पुस्तिकेवरून’ एवढं पुरतं.

अभिलेखागारात प्रत्येक प्रतीची पाटी वेगळी नोंदवावी लागते, आणि पाटीवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) म्हणून दाखवली जाणारी रिळं फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची आहेत, असं काही अभ्यासक मांडतात. तिथे शीर्षकाआधी रीळ कोणत्या चित्रपटाचं आहे हे ठरवावं लागतं: फिल्मच्या काठावरचे संकेत, मधल्या पाट्यांचा मजकूर, त्या काळच्या जाहिराती. ते ठरेपर्यंत नाव चौकटी कंसात लिहावं, म्हणजे ते सूचीकारानं दिलेलं आहे, चित्रपटावर छापलेलं नाही, हे पुढच्या माणसाला दिसेल.