ट्रिगर हलका करून देतो म्हणून बोल्टची स्प्रिंगच कापून दिली

ज्यांच्याकडं लायसनची पॉइंट टू-टू रायफल आहे आणि जे ट्रिगर बदलायचा विचार करायलेत त्यांनी हे वाचा, कारण हाच धंदा अजून दोघातिघांसोबत झाल्याचं मला शूटिंग रेंजवर कळलंय.

माझी रायफल जुनी, ब्रनो बनावटीची, बोल्ट अ‍ॅक्शन म्हणजे मागचा बोल्ट (दांडा) हँडलनं हातानं उघड-बंद करायची, काकांकडून माझ्या लायसनवर आलेली. ट्रिगर लई जड होता, पन्नास मीटरवर झोपून मारताना ओढ लागायची. आपल्या मराठवाड्यातल्याच एका मोठ्या शहरातला डीलर म्हणाला, इंपोर्टेड मॅच ट्रिगर किट आहे, साडेअकरा हजार, बसवून देतो. बसवून दिला आणि खरं सांगतो दुकानात हात लावला तर मस्त वाटला, एकदम हलका, शिवाय बोल्टचं हँडल लोण्यासारखं उठायला लागलं. डीलर म्हणे, बघा इंपोर्टेड मालाची मजा!

रेंजवर गेलो तर फुसके बार. टक् आवाज येतो, गोळी जात नाही. दहात तीन-चार तरी असे. अशा वेळी लगेच बोल्ट उघडायचा नसतो, नळी टार्गेटकडंच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं, बार उशिरा उडू शकतो. तर प्रत्येक वेळी ते थांबणं, मग काढणं, सगळी प्रॅक्टिस बोंबलली.

डीलरला फोन केला तर म्हणे, "साहेब तुमच्या परभणीच्या उन्हानं काडतुसं मेली, मसाला खराब झाला." आणि वर महागडी जर्मन काडतुसं गळ्यात मारली. आता काडतूस म्हणजे काही किराणा नाही, घेतलेलं सगळं लायसनवर चढतं, कोट्यातून वजा होतं, म्हणजे पैसे गेले ते गेले आणि कोटाही गेला. त्या जर्मन काडतुसांचंही तेच, टक्.

मग रेंजवरच्या एका जुन्या शूटर मामांनी बघितलं. त्यांनी आधी माझी न उडालेली काडतुसं घेतली आणि स्वतःच्या रायफलमध्ये कडेची नवी जागा पिनखाली येईल अशी फिरवून लावली. सगळी उडाली. ऊन-बिन सगळं तिथंच संपलं. पॉइंट टू-टू म्हणजे रिमफायर, हिच्यात मोठ्या रायफलसारखी मधोमध वेगळी टोपी नसते, मसाला काडतुसाच्या कडेतच भरलेला असतो, आणि फायरिंग पिननं ती कड जोरात चेपली तरच पेट घेतो. माझ्या डब्यात ट्रिगर बदलायच्या आधीची रिकामी पुंगळी पडलेली होती, ती आणि नवी शेजारी ठेवली. जुन्या पुंगळीच्या कडेला खोल स्वच्छ खड्डा, नवीवर नखानं दाबल्यासारखी पुसट खूण. ट्रिगर बदलायच्या आधीच्या दोन-चार पुंगळ्या ठेवत जा, सांगायलो.

मामा म्हणाले, मार हलका पडायला कारणं बरीच असतात. बोल्टमध्ये जुनं ग्रीस घट्ट होऊन पिन अडते, रिकामी रायफल सारखी मारून पिनचं टोक झिजलेलं असतं, किंवा नव्या ट्रिगरचा सिअर, म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत पिनला अडवून धरणारा खटका, पिनला आधीपेक्षा पुढं अडवून धरतो आणि तिला धावायला जागाच कमी मिळते. म्हणून एकेक करून बघू. बोल्ट खोलून पेट्रोलनं धुतला, फरक नाही. पिनचं टोक ठीक. मग बोल्टमधली मेन स्प्रिंग, म्हणजे पिनला जोरात पुढं ढकलणारी, बाहेर काढली आणि तिथंच भांडं फुटलं. एक टोक कंपनीचं, घासून सपाट केलेलं, दुसरं टोक कटरनं तोडलेलं, तारेची धार बोटाला लागेल असं, आणि कापलेल्या जागी घासायचीही तसदी घेतलेली नाही.

हलक्या ट्रिगरमागची मेख हीच. सिअरवर मेन स्प्रिंगचा दाब असतो, तो कमी केला की ट्रिगर आपोआप हलका लागतो, हँडलही हलकं उठतं, कारण हँडल उचलताना तीच स्प्रिंग दबत असते. आणि पिनचा मारही हलका होतो, हे मात्र तो सांगत नाही. ते इंपोर्टेड किट म्हणजे बिननावाच्या पाकिटातली एक छोटी ट्रिगर स्प्रिंग आणि दोन वॉशर. ट्रिगर हलका करायला असलं किट पुरतं, पण बोल्टच्या स्प्रिंगला कुणी हात लावायचं काही कारण नव्हतं.

जुने पार्ट मागितले तर "कचऱ्यात गेले". अहो, कापलेली स्प्रिंग आतच आहे की! आणखी चौकशी केली तर कळलं की काम करणारं पोरगं मागच्या खोलीत बसतं आणि दुकानाचं लायसन फक्त विक्रीचं. आर्म्स अ‍ॅक्ट 1959 च्या कलम 5 प्रमाणं दुरुस्तीलाही लायसन लागतं. तुम्ही जाल तेव्हा ते लायसन दाखवा म्हणा, रायफलचा नंबर आणि काय काय बदललं ते लिहिलेलं पक्कं बिल घ्या, जुने पार्ट तिथंच हातात घ्या. घरी न्यायच्या आधी रिकामी रायफल कॉक करून (बोल्ट उघड-बंद करून पिन मागं अडकवून) दस्ता रबराच्या मॅटवर दोन-चारदा आपटून बघा, पिन सुटली तर ती रायफल तशी घेऊच नका.

दुरुस्तीचं लायसन असलेल्या आर्मररकडून नवी पूर्ण मापाची स्प्रिंग टाकली, ट्रिगर थोडा जड झाला, पण फुसका बार एकही नाही. डीलरविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय, 5 लाखांपर्यंत फी लागत नाही आणि मुदत 2 वर्षांची असते. बिलावर त्यानं नुसतं "सर्व्हिस" लिहिलंय, पण त्याचे मेसेज आहेत माझ्याकडं, त्यात किटचं नाव आणि भाव दोन्ही. नोटीस गेल्यावर त्याचाच फोन आला, ट्रिगरचे पैसे देतो म्हणाला, काडतुसांचे नाही. मी दोन्हीचे मागायलो.