तीन वेगांचा रेकॉर्ड प्लेयर: सोलापुरात चारचौघांनी मिळून ऐकल्यावरचा अनुभव

मागच्या पावसाळ्यात तीन वेगांचा (मिनिटाला ३३, ४५ आणि ७८ फेरे) डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मोटरीनं थेट फिरणारा रेकॉर्ड प्लेयर घेतला. कंपनीचं नाव देत नाही, कारण या किमतीतली बहुतेक यंत्रं एकाच घाटाची असतात: सुईचा बारीक आवाज वाढवणारा, आतच बसवलेला फोनो प्रीअँप, संगणकाला जोडायला यूएसबी आणि उजव्या हाताला वेग कमीजास्त करायची सरकपट्टी. नवा रेकॉर्ड प्लेयर आला की सगळे सुई आणि स्पीकरबद्दल विचारतात. माझ्या मते आपल्या संगीतासाठी पैसे मोजायचे ते या सरकपट्टीचे.

आम्ही रविवारी संध्याकाळी सात रस्त्याजवळच्या आमच्या घरी जमतो. कानडी घरातले एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना सगळे अप्पा म्हणतात. गिरणीत नोकरी केलेले एक काका आहेत, तबला शिकणारी एक मुलगी आहे, शिवाय अधूनमधून येणारे वेगळे. प्रत्येक जण आपल्या आवडीचं ध्वनिमुद्रण आणतो. कुणाकडे एलपी, कुणाकडे सीडी, कुणाच्या फोनमध्ये कुठून तरी आलेली प्रत. एक राग ठरवायचा, दोन मुद्रणं पाठोपाठ ऐकायची आणि मग बोलायचं. वाद होतातच, ते व्हायलाही हवेत.

अडचण अशी की तुलना करताना दोन्ही मुद्रणं खऱ्या सुरात वाजत आहेत की नाहीत, हेच आधी ठाऊक नसतं. जुन्या तबकड्यांवर ७८ छापलेलं असलं तरी मुद्रण नेमकं त्याच वेगानं झालेलं असेल असं नाही. वेग सहा टक्क्यांनी चुकला की जवळजवळ अर्धा सूर सरकतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी 'पिया बिन नहीं आवत चैन' घ्या. फोनवर फिरणाऱ्या तिच्या प्रती एकमेकींशी पट्टीत जुळतच नाहीत. एकीत आवाज बारीक आणि घाईचा, दुसरीत जरा जड. मग 'खाँसाहेबांचा आवाज फार पातळ होता' असं कुणी म्हणालं, तर ते खाँसाहेबांबद्दल म्हणतोय की प्रत काढणाऱ्याच्या यंत्राबद्दल?

आता आम्ही तबकडी लावली की ताटाच्या कडेचे ठिपके लाल दिव्याखाली स्थिर दिसतात का ते बघतो. त्यानं यंत्राचा वेग बरोबर आहे एवढं कळतं. पुढचं काम कानाचं. काका पेटीवर षड्ज धरतात, मी सरकपट्टी केसभर हलवतो, काका मान हलवतात, पुन्हा केसभर. आवाजाचा बाज, श्वासाची लांबी, ठेक्याची चाल या तिन्ही गोष्टी एकदम नैसर्गिक वाटायला लागतात, अशी एक जागा येते. तिथं सरकपट्टी सोडायची. हे शंभर टक्के शास्त्रीय नाही, मान्य. पण या प्लेयरवर ते करता येतं. पट्ट्यानं (बेल्टनं) फिरणाऱ्या साध्या प्लेयरवर आणि सूटकेसच्या आकाराच्या स्वस्त यंत्रांवर सहसा येत नाही.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. सीडी जोरात वाजते, एलपी हळू. दोन्ही तशाच ऐकल्या तर जोरात वाजणारी जिंकते, मग गाणं कसंही असो. म्हणून फोनवरचं डेसिबल मोजायचं ॲप समोर ठेवून दोन्हींची पातळी सारखी करतो. तुलना करणाऱ्या कुणालाही माझा पहिला सल्ला हाच असेल.

एवढं जुळवल्यावर मारवा ऐकला, तेव्हा या यंत्राचं मोल खरं कळलं. एका बाजूला अमीर खाँसाहेबांची मारवा-दरबारीची एलपी, दुसऱ्या बाजूला काकांनी आणलेला वसंतराव देशपांड्यांचा मारवा. राग तोच. पंचम नाही, कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांच्यातला ताण तोच. पण खाँसाहेब झुमरा तालात इतके सावकाश जातात की षड्जाची वाट बघता बघता आपण पुढे सरकून बसतो. तो येतो आणि येताच निघूनही जातो. मग द्रुतात 'गुरु बिन ज्ञान न पावे' सुरू होतं, तेव्हा तो संथपणा किती मुद्दाम होता ते लक्षात येतं. वसंतरावांनी हा राग लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे घेतला. त्यांच्या मारव्यात अस्वस्थता उघड आहे, स्वर एका जागी थांबायला तयार नाहीत. काकांना तोच खरा मारवा वाटतो. माझं मत अजूनही खाँसाहेबांकडे झुकतं. तबल्याच्या मुलीनं मात्र आमचं दोघांचंही ऐकलं नाही. "तो झुमरा परत लावा की ओ, चौदा मात्रांच्या मधे काय भरलंय ते ऐकायचंय," म्हणाली. आम्ही लावला, आणि त्या वेळी गाण्यापेक्षा ठेक्याकडेच लक्ष गेलं. एकट्यानं ऐकताना मी तिकडे कधीच वळलो नसतो.

अप्पांची आवड जयपूर घराण्याची. केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी त्यांनी एका वेळी आणली, १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेलेली तीच. साडेतीन मिनिटांत सगळं. तिच्यानंतर मल्लिकार्जुन मन्सूर. दोन्हीकडे अल्लादिया खाँसाहेबांचीच तालीम, केसरबाईंना थेट त्यांची, मन्सूरअण्णांना त्यांच्या मुलांची, मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांची. शेवटी अप्पांनी मन्सूरांच्या आवाजातलं वचन (शरणांचं कानडी भक्तिपद) लावलं, 'अक्का केळव्वा'. सिद्धरामेश्वरांच्या गावात वचन ऐकायला अर्थ सांगावा लागत नाही, तरी अप्पा ओळीओळीला थांबून सांगत होते आणि कुणीही त्यांना घाई केली नाही.

आता दोष. सोबत येणारी सुई एलपीची, ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). जुन्या लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला ३ मिलची सुई लागते. ती वेगळी घ्यावी लागली आणि महाग पडली. एलपीच्या सुईनं ७८ वाजवू नका; खरखर वाढते आणि सुईही जाते. आतला प्रीअँप घुमतो. बाहेरचा जोडून अर्थिंगची तार घट्ट केल्यावर घुमणं बंद झालं. दुरुस्तीची सोय सोलापुरात नाही, पुण्याला पाठवा असं उत्तर मिळालं. झाकणाचा बिजागर सैल झालाय, तो तसाच आहे.

यूएसबी चांगली चालते. घरातल्या तबकड्यांच्या प्रती काढून मंडळींना देतो, सोबत कोणत्या वेगानं आणि कोणत्या पट्टीत वाजवली ते लिहून. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं असतो, त्यामुळे तेवढ्या जुन्या तबकड्यांच्या प्रती देताना मुद्रणाच्या हक्काची अडचण येत नाही. नव्या मुद्रणांच्या प्रती काढत नाही, ती आणणाऱ्याकडेच ऐकतो.

सोलापूरकरांसाठी खास: एप्रिल-मेमध्ये रेकॉर्डी खिडकीजवळ किंवा पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका, आणि एकावर एक रचू तर नकाच, उभ्या ठेवा. आमच्यातल्या एकाची दत्तात्रेय विष्णू पलुसकरांची एलपी उन्हानं वाकली, ती आता सुईला झोके देते.

एकट्यानं फोनवर ऐकणाऱ्यानं हा खर्च करू नये, चांगले हेडफोन घ्यावेत. घरात आजोबांच्या तबकड्या असतील आणि बसून ऐकणारी दोनचार माणसं असतील, तर सरकपट्टी असलेलंच यंत्र घ्या आणि ३ मिलच्या सुईचे पैसे पहिल्याच हिशेबात धरा.