चौदा माग, एक मालक आणि आठ महिन्यांचे समुपदेशन : वापरानंतरचा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत माझा चौदा मागांचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. गेल्या पावसाळ्यात सुताचा भाव चढलेला असतानाच बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने चार महिन्यांची बिले अडकवली. तेव्हापासून आठवड्याच्या पगाराच्या आदल्या रात्री मला तीन वाजता जाग येऊ लागली, छातीत धडधड होऊ लागली आणि हात गार पडू लागले. हृदयाच्या सर्व तपासण्या स्वच्छ आल्या. डॉक्टरांनी हे काळजीमुळे होत असल्याचे सांगून समुपदेशन सुचवले. त्यानंतर लहान उद्योगांसाठी असलेल्या एका खासगी सेवेची वर्गणी मी भरली. त्यात मालकासह सहा जणांना फोनवर समुपदेशकाशी बोलता येते. तक्रारीही लिहायच्या असल्यामुळे सेवेचे नाव मुद्दाम देत नाही.

सुरुवात वाईट झाली. ही सेवा मोठ्या कंपन्यांतील नोकरदारांसाठी बेतलेली होती आणि आमच्यासाठी केवळ तिची किंमत कमी केलेली होती. पहिल्या समुपदेशकाने मला विचारले, "तुमच्या वरिष्ठांशी याबद्दल बोललात का?" माझे वरिष्ठ म्हणजे बँकेत माझे कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीचे फिरते कर्ज, पाहणारे अधिकारी. मला झोप लागत नसल्याचे त्यांना सांगितले असते, तर त्यांनी आधी माझी कर्जमर्यादा तपासायला घेतली असती. आठवडाभर रजा घेण्याचा सल्लाही मिळाला, पण मालकाची रजा मंजूर कोण करणार आणि त्या आठवड्यात बीम (मागावरचा ताण्याच्या सुताचा रूळ) संपला तर जॉबरने (माग सांभाळणाऱ्या कारागिराने) कोणाला विचारायचे, हे त्या समुपदेशकाला सुचले नव्हते. दोन बैठकांनंतर मी समुपदेशक बदलून मागितला. दुसऱ्या बाईंचे वडील किराणा दुकानदार होते. उधारीची वही म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

बोलायला जागा शोधणे हीदेखील एक अडचणच होती. मागांच्या खडखडाटात कारखान्यात फोनवरचे ऐकू येत नाही आणि घरी आईच्या कानावर काही पडू द्यायचे नव्हते. शेवटी गोदामात टॉवेलच्या गाठींच्या मधल्या बोळात स्टूल टाकले. सुती मालात आवाज मुरतो, त्यामुळे दारात उभ्या असलेल्या माणसालाही आतले बोलणे कळत नाही. दर बुधवारी दुपारी चाळीस मिनिटे मी तिथे बसत असे आणि कामगारांचा समज मी साठा मोजत आहे असा होता.

या बैठकांतून मला सर्वाधिक उपयोग झाला तो एका साध्या सवयीचा. काळजीसाठी रोज संध्याकाळी अर्धा तास राखून ठेवायचा, मधल्या वेळेत मनात आलेली काळजी वहीत एका ओळीत टिपून पुढच्या कामाला लागायचे आणि संध्याकाळी प्रत्येक ओळीपुढे "माझ्या हातात आहे" किंवा "नाही" असे लिहायचे. महिनाभरानंतर वही उलटून पाहिली, तेव्हा सुताचा भाव रोज "नाही"च्या बाजूला होता आणि थकलेली बिले मात्र "आहे"च्या बाजूला असूनही मी त्यांना हात लावला नव्हता. माझी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, झालेली आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी खरेदीदाराला पैसे द्यायला ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही आणि करार नसेल तर १५ दिवसांतच पैसे द्यावे लागतात. विलंबावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. हे मला माझ्या सीएंनी कधीच सांगून ठेवले होते, पण तक्रार केली की गिऱ्हाईक तुटते या भीतीने मी पत्रसुद्धा लिहिले नव्हते. नोव्हेंबरमध्ये पत्र लिहिले. निम्मे पैसे आले आणि तो व्यापारी गेला. समुपदेशनाने वसुली होत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. मात्र पत्र लिहिताना या वेळी हात गार पडले नाहीत.

दर महिन्याला नैराश्य किती आहे हे मोजणारी नऊ प्रश्नांची एक पट्टी भरून घेतली जाते. ती मागच्या दोन आठवड्यांविषयी असते, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण असतात आणि एकूण गुण २७. माझे सुरुवातीला १४ होते, आता ६ आहेत. जगणे नकोसे वाटते का, असे नववा प्रश्न सरळ विचारतो. पहिल्या वेळी मी उत्तर द्यायला बराच वेळ घेतला, तेव्हा बाईंनी त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्याचा आग्रह धरला आणि भेट ठरेपर्यंत पाठपुरावा केला. समुपदेशकाला औषध लिहून देता येत नाही. पाच महिने घेतलेल्या गोळ्यांचा माझ्या झोपेत मोठा वाटा आहे आणि त्याचे श्रेय या सेवेला देता येणार नाही. मानसिक आजाराला विम्यात शारीरिक आजारासारखीच वागणूक मिळावी, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो, परंतु माझ्या पॉलिसीत रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या कोणत्याच उपचाराचा खर्च धरलेला नाही. त्यामुळे तपासणी शुल्क खिशातून गेले.

कामगारांच्या बाबतीत मात्र ही सेवा साफ फसली. आमचे बरेच विणकर घरी तेलुगू बोलतात आणि सेवेत तेलुगू नव्हती. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे महिन्याअखेर मला अहवाल येत असे, "आपल्या पाचपैकी एका कर्मचाऱ्याने सेवा वापरली." शंभर माणसांच्या कंपनीत असा आकडा निरुपद्रवी असेल. पाच माणसांत तो नाव सांगितल्यासारखाच आहे, कारण त्या महिन्यात गोदामाच्या मागे फोन घेऊन कोण जात होते, हे सर्वांनी पाहिलेले असते. मी अहवाल बंद करायला लावला, पण तोपर्यंत कांडीवरच्या (बाण्याचे सूत कांड्यांवर भरणाऱ्या) एका अक्कांनी मला थेट विचारले होते, "मालक, आम्ही काय बोलतो ते तुम्हाला कळतं का?" नाही म्हणून सांगितले, पण त्यांना ते पटले नाही.

वर्गणी संपल्यावर मी ती फक्त स्वतःपुरती वाढवली आहे. कामगारांसाठी आता शासनाची टेलिमानस सेवा सांगतो. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, भाषा निवडता येते, त्यात तेलुगूही आहे आणि कोणी फोन केला हे मालकाला कळण्याचा मार्गच नाही. कांडी खात्याच्या भिंतीवर, वीज तक्रारीच्या क्रमांकाच्या खाली, तो रंगवून घेतला आहे. रंगाऱ्याला मराठीबरोबर तेलुगूतही ओळ लिहायला सांगितली. ती बरोबर आली की नाही, ते अक्कांनी वाचून तपासले आणि एक अक्षर दुरुस्त करायला लावले.