रिपोर्ट हातात देऊन न थांबणारी लॅब
हिमोग्लोबिन ११.८, पण तांबड्या पेशी ५.९ दशलक्ष. आधीच्या लॅबने आकड्यापुढे नुसतं ठळक 'हाय' छापलं. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. इथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला आत बसवून घेतलं आणि एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ६४ वर पेन टेकवलं. "पेशी जास्त आहेत, पण बारीक आहेत. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका, आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि हिमोग्लोबिन ए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) बघू." ए२ वाढलेलं आलं, ५.२ टक्के, म्हणजे थॅलेसेमिया मायनर; मी या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक. लगेच नवऱ्यालाही बोलावलं, कारण दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे याचा गंभीर प्रकार, व्हायची शक्यता २५ टक्के. त्याचा रिपोर्ट नॉर्मल निघाला, तेव्हा मी तिथेच रडले. ए२चा रिपोर्ट एक दिवस उशिरा मिळाला, तेवढं सुधारा. रक्त काढणाऱ्या ताईंचा हात फार हलका आहे.